सात की साठ

"सुगीला आमच्याकडं सात माणसं असायची," असं सांगलीकडच्या एका आजी सांगत होत्या. मी टाइप केलं, साठ.

ही २०११ सालची गोष्ट. एका संशोधक बाईंनी गावोगाव फिरून म्हाताऱ्या शेतकरी बायकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. ते रेकॉर्डिंग ऐकून जसंच्या तसं उतरवून द्यायचं काम माझ्याकडे होतं. रेकॉर्डर दोन माइकवाला होता, त्यामुळे बाई डाव्या कानात बोलायच्या आणि आजी उजव्या कानात. मी दोघींच्या मध्ये चटईवर बसले आहे असं वाटायचं. काम पोचतं केल्यावर चार दिवसांनी बाईंचा फोन आला. "ताई, नऊ नंबरचं पान काढा. पाच एकर रान आणि कामाला साठ माणसं? लग्न होतं का काय त्यांच्याकडे?"

मी हसले खरी, पण फोन ठेवल्याबरोबर ती जागा पुन्हा लावली. साठ. आवाज वाढवला. साठच. मग लेकीच्या दप्तरातून तिचा हेडफोन काढला आणि तो लावून ऐकलं. सात. आजींची जीभ दाताला टेकलेली दिसावी इतकं स्वच्छ सात.

माझा हेडफोन साडेतीनशे रुपयांचा होता. खोक्यावर 'एक्स्ट्रा बास' असं मोठ्या अक्षरांत छापलं होतं आणि ते खरंही होतं. बासच होता, बाकी फारसं काही नव्हतं.

बोलण्यातल्या स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. बोलणारी बाई आहे की बुवा, रागावलेली की रडवेली, हे तिथे कळतं. पण त की ट, स की श, हे बरंचसं ठरतं वरच्या पट्टीत, साधारण दोन हजार हर्ट्‌झच्या वर, आणि तिथले आवाज मुळात क्षीण असतात. त्यात साठमधला शेवटचा हकार गावाकडच्या बोलण्यात बऱ्याचदा गळतो, नुसतं 'साट' उरतं. मग सात आणि साठ यांत फरक काय, तर जीभ दाताला लागली की टाळूला. ढोल दणदणीत वाजावा म्हणून बनवलेल्या हेडफोनमध्ये एवढासा फरक खर्जाखाली बुडून जातो. खोक्यावरच्या '२० ते २०,००० हर्ट्‌झ' या आकड्यांकडे बघून यातलं काहीही समजत नाही. फुटपाथवरच्या शंभर रुपयांच्या हेडफोनवरही तेच आकडे असतात.

मला तर हे आधीच कळायला हवं होतं. २००३ ते २००९ मी पुण्यातल्या एका मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन कंपनीत होते. अमेरिकेतले डॉक्टर दिवसभर रुग्ण तपासून यंत्रात बोलून ठेवत, ते आम्ही इकडे बसून टाइप करायचो. पैसे ओळीवर मिळत; ओळ म्हणजे ६५ अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. तिथला सगळ्यात मोठा धाक म्हणजे 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी'. पंधरा मिलिग्रॅम की पन्नास मिलिग्रॅम? 'हायपो' आणि 'हायपर' ही दुसरी जोडी. डॉक्टर काहीतरी चावत बोलत असले तर बघायलाच नको. तिथे पहिल्या आठवड्यात शिकवलं जायचं, की अंदाज करायचा नाही. कळलं नाही तर जागा कोरी सोडायची, 'ब्लँक' टाकायचा.

त्या कंपनीत आम्हाला एक विचित्र हेडसेट मिळायचा. स्टेथोस्कोपसारखा, हनुवटीखाली लोंबणारा, टोकांना करंगळीएवढे दोन स्पंज. डोक्यावर काही नाही, त्यामुळे अंबाडा मोडायचा नाही की चष्म्याला धक्का लागायचा नाही. पायाखाली पेडल, दाबलं की चालू, बाजूला दाबलं की दोन शब्द मागे. त्या हेडसेटवर गाणं ऐकणं म्हणजे शिक्षा होती, खर्ज नावाला नाही. आम्ही त्याला हसायचो. पण सहा वर्षांत माझा एकदाच बदलला. स्पंज तेवढे दर महिन्याला नवे मिळत. तो कुणीतरी डोकं वापरून बनवला होता, हे तेव्हा कुणाच्या लक्षात येतंय? कंपनीची वस्तू, कंपनीने आणावी.

पुढे ऐकून आपोआप टाइप करणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे ओळीचा दर उतरत गेला, नोकरी सोडली आणि घरच्या जेवणाच्या टेबलावर मराठी कामं सुरू केली. मुलाखती, परिसंवाद, कुणाच्या आजोबांच्या आठवणी. पेडल मी जुनं विकत घेतलं. हेडफोन मात्र रस्त्यात दिसेल तो.

मी कामाच्या तासांची वही ठेवते. तिच्या मागच्या पानांवर खरेदी असते. २००९च्या मेपासून २०१३ अखेरपर्यंत तिथे सात हेडफोन आहेत (सातच, साठ नव्हे), मिळून सव्वीसशे रुपयांचे. त्यातला एकही आवाज बिघडून गेला नाही. पाच वायरीने गेले, एकाची डोक्यावरची पट्टी तुटली आणि एकावर मी बसले.

पहिल्यांदा वायर गेली तेव्हा वॉरंटी होती. पावती घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने हेडफोन हातात न घेताच सांगितलं, "वायर म्हणजे फिजिकल डॅमेज. वॉरंटी स्पीकरची असते." आता, साडेतीनशेच्या हेडफोनमधलाही स्पीकर सहसा जात नाही. म्हणजे जे जात नाही त्याचीच वॉरंटी. यावर भांडता आलं असतं, पण स्कूटर नो पार्किंगमध्ये होती.

मग कुणीतरी तपकीर गल्लीचं नाव सांगितलं. बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत दिव्यांच्या माळांपासून ट्रान्झिस्टरपर्यंत सगळं मिळतं, हे पुण्यात कुणाला सांगायला नको. तिथे एका जिन्याखाली दुरुस्तीवाले काका बसायचे. त्यांनी माझा हेडफोन घेतला, पिन दोन बोटांत धरून वायर हळूहळू वाकवली आणि एका जागी थांबले. "हितं." पिनेपासून दोन बोटांवर. "सगळ्यांची हितंच जाती."

त्यांनी वायर कापून मला आतलं दाखवलं. केसाएवढ्या तारा, मध्ये रेशमासारखा बारीक दोरा. एक जुडी लाल, एक हिरवी, एक उघड्या तांब्याच्या रंगाची. "लाल उजवा, हिरवा डावा, तांब्याची दोघांत मिळून. रंग दिसतोय ना, ती लाख आहे. ती जाळल्याशिवाय सोल्डर बसत नाही. लोक घरी नुसत्या पिळतात आन् टेप मारतात. दोन दिवस चालतं." पिनेजवळचं रबर कडक, पुढची वायर मऊ. जिथे कडक संपून मऊ सुरू होतं तिथेच रोज वाकते. माझ्या बाबतीत शिवाय चाकांची खुर्ची होती, ती वायरीवरून दिवसातून दहा वेळा जायची. काकांनी जुनी पिन फेकून धातूची नवी पिन लावली, मागे स्प्रिंग असलेली. साठ रुपये झाले. (हे साठ खरे.)

आणि पैसे मोजता मोजता ते म्हणाले, "ताई, तुम्ही हेडफोन नाही, वायर विकत घेता. बाकीचं सोबत येतं."

ही पिन मुळात टेलिफोन एक्स्चेंजमधली. १८७८ साली बॉस्टनमध्ये एमा नट ही पहिली टेलिफोन ऑपरेटर बाई कामाला लागली. तिच्या मागून आलेल्या हजारो बायका दिवसभर अशाच पिना खुपसत आणि उपसत बसल्या. ती पिन पाव इंच जाड होती, कारण ती वापरून वापरून टिकायला हवी होती. पुढे ती खिशातल्या रेडिओसाठी बारीक झाली, साडेतीन मिलिमीटरवर आली. आम्ही तरी दुसरं काय करतो? कानाला यंत्र लावून दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवतो. फक्त पिन वाळकी झाली.

काकांकडून आल्यावर मी दुकानात हेडफोन बघायची पद्धत बदलली. आवाज नंतर. आधी वायर पिनेत शिरते ती जागा, मग वायर कानाच्या वाटीत शिरते ती जागा, मग डोक्यावरची पट्टी सरकते ती जागा. तिथे स्क्रू आहे की नुसतं चिकटवलंय? स्क्रू असला तर काका उघडू शकतात. दुकानातली मुलं माझ्याकडे भाजीवाल्यासमोर वांगं दाबून बघणाऱ्या बाईसारखं बघायची.

पण ही अक्कल यायच्या आधी एक चूक होऊन गेली होती आणि ती भरून निघणारी नव्हती. २०१३च्या पावसाळ्यात हेडफोनची डावी बाजू बंद पडली. हातात एका परिसंवादाचं मोठं काम, मुदत जवळ, बाहेर पाऊस. म्हटलं, उजवा आहे ना. जवळजवळ तीन महिने मी एकाच कानाने काम केलं. एका कानाने ऐकताना आपण आपोआप आवाज वाढवतो, आणि मोकळ्या डाव्या कानातून मिक्सर, टीव्ही, शेजारचं बांधकाम आत येतं म्हणून आणखी वाढवतो. पुढच्या वर्षी लग्नाकार्यात लोकांचं बोलणं नीट कळेना म्हणून तपासणी केली. आलेखात उजव्या कानाची रेघ चार हजार हर्ट्‌झपाशी खड्ड्यात गेलेली. मोठ्या आवाजाचा मार बऱ्याचदा तिथेच बसतो, असं तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, आणि गेलेलं परत येत नाही असंही. त, ट, स, श राहतात त्या वाड्यातच तो खड्डा.

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं, की ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालेल. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८३ झाले की २० तास. माझं काम आठवड्याला ४० तासांचंच आहे, त्यामुळे मला वर सरकायला जागाच नाही. कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्यायचा तो यासाठी. बाहेरचा मिक्सर बाहेर राहिला की आतला आवाज कमी ठेवता येतो. आणि एक बाजू गेली की काम थांबवायचं, कपाटातला दुसरा काढायचा. कपाटात दुसरा असायलाच हवा.

घरच्या कॉम्प्युटरने जे खेळ केले ते आता गमतीचे वाटतात. एकदा नवा हेडफोन लावला तर रेकॉर्डिंगमधला वक्ताच नाहीसा झालेला. सभागृहातली खुडबुड, खोकला, पंख्याची घरघर, बाहेरची रिक्षा, सगळं होतं. व्याख्याते तेवढे विहिरीच्या तळाशी. मला वाटलं फाइल खराब. काका फोनवर हसले. "पिनवरच्या काळ्या कड्या मोजा." तीन होत्या. तीन कड्या म्हणजे मोबाइलचा, माइकसकट. दोन म्हणजे नुसता ऐकायचा. जुन्या कॉम्प्युटरला हिरवं भोक ऐकायचं आणि गुलाबी माइकचं, अशी वेगळी व्यवस्था. तीन कड्यांची पिन हिरव्या भोकात नीट न बसल्याने ती तांब्याच्या रंगाची, दोघांत मिळून असलेली तार अधांतरी राहिली होती. तसं झालं की एका बाजूतून दुसरी वजा होते आणि दोन्हीकडे सारखं असेल ते कटतं. मधोमध उभा राहून बोलणारा माणूस दोन्हीकडे सारखाच असतो. शंभर रुपयांचा दोन शेपट्यांचा जोड आणला, व्याख्याते परत आले.

दुसरी तक्रार लॅपटॉपची. चार्जर लावला की कानात बारीक घूंऽऽ, काढला की बंद. दोन हेडफोन यापायी मी बदलले. अखेर इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला, तर तिसरं भोक नुसतं शोभेचं, आत अर्थिंगची वायरच जोडलेली नव्हती. यूएसबीचा हेडसेट घेतला तर असल्या बऱ्याच कटकटी टळतात, हे खरं. पण त्याची वायर तुटली की पिन बदलून भागत नाही. काका यूएसबीला हात लावायला नाखूश.

आणि भाच्याने दिवाळीत बिनवायरीचे इअरबड्स दिले. "मावशी, वायरच नाही, तुटणार काय?" प्रश्न बिनतोड होता. आठवडाभर मी खूश होते, स्वयंपाकघरात जाऊन ऐकत होते. मग एका मुलाखतीत 'ते शक्य होतं' असं टाइप झालं आणि पुढची दोन पानं जुळेनात. मूळ शब्द 'अशक्य' होता. गाणं सलग वाजतं तेव्हा काही बिघडत नाही, पण माझं काम सतत थांबून पुन्हा सुरू होण्याचं. शांतता पडली की हे यंत्र डुलकी काढतं, आणि पेडल दाबल्यावर जागं होईपर्यंत पहिलं अक्षर निघून गेलेलं असतं. ऑनलाइन बैठकीत माइक सुरू झाला की आवाज जुन्या टेलिफोनसारखा चपटा. दोन वर्षांत बॅटरी तासाभरावर आली. ती बदलायची सोय नाही, उघडायला स्क्रू नाही. भाच्याला हे मी अजून सांगितलेलं नाही.

कुशनची गोष्ट रत्नागिरीला घडली. माहेरी गेले होते, श्रावणात, काम बरोबर घेऊन. कानावरच्या गाद्या रेक्झिनसारख्या दिसतात, पण वरचा थर फार पातळ असतो. घाम आणि दमट हवा लागली की तो सोलत जातो. कोकणातल्या त्या पंधरा दिवसांत माझ्या गाद्यांनी कात टाकली. आई म्हणाली, "कानाला काजळ लावलंस की काय?" आरशात बघितलं तर कानामागे, मानेवर, पदरावर काळे कण. आईने काही न विचारता जुन्या मऊ लुगड्याचे दोन गोल कापले, कडेने शिवण घालून इलॅस्टिक ओवलं आणि दोन टोप्या करून दिल्या. कापडातून हवा जराशी निसटते, त्यामुळे खर्ज कमी होतो. मला तेच हवं होतं. तिसऱ्या दिवशी टोप्या काढून धुवायच्या. लुगड्याचं ते कापड अजून शिल्लक आहे, आई नाही.

२०१६ साली मी शेवटी हिय्या करून चांगला हेडफोन घ्यायचा ठरवला. एका माहितीपटाचं काम चालू होतं. त्यातल्या ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाकडे सोनीचा एमडीआर-७५०६ होता. हे मॉडेल १९९१ पासून तसंच चालू आहे, फोनच्या रिसीव्हरसारखी गुंडाळीची वायर, घडी होणाऱ्या वाट्या. त्याने गाद्या दोनदा बदलल्या होत्या, बाकी काही नाही. त्यावर मी आजींची ती जागा ऐकली आणि मला आजींच्या पाटल्यांचा आवाज आला, जो पाच वर्षांत कधी ऐकू आला नव्हता. पण किंमत माझ्या आवाक्याबाहेरची, आणि वायर आतून पक्की जोडलेली.

मी दुकानं हिंडले. मोबाइलमध्ये आजींची वीस सेकंदं घेऊन. दुकानातला मुलगा हेडफोन डोक्यावर चढवायचा आणि लगेच दणदण गाणं लावायचा. मी ते बंद करून आजींना लावायची. एकाने कुतूहलाने स्वतः ऐकून बघितलं. "यात गाणं कुठंय, काकू?"

"आजी किती माणसं म्हणतायत ते सांग."

"साठ."

मी दुसरा हेडफोन पुढे केला. त्याने तो लावला, डोळे बारीक केले. "सात का हो?" मग तो स्वतःच एकेक खोकं फोडून सगळ्यांवर आजी ऐकत बसला. मालक गल्ल्यावरून बघत होता.

त्याच दुकानातून घेतला, चोवीसशे रुपयांना. नाव सांगत नाही, कारण ते मॉडेल आता निघत नाही आणि नाव घेऊन तुम्ही हिंडाल. कान पूर्ण झाकणारा, वजनाला हलका, वाटीला दोन स्क्रू, वायर वाटीतून उपसून काढता येणारी, गाद्या बोटाने ओढून निघणाऱ्या. घेण्याआधी दुकानातल्या स्टुलावर वीस मिनिटं तो घालून बसले, चष्म्यासकट. चष्म्याची काडी कानशिलात रुतायला लागायला साधारण तेवढा वेळ लागतो. दिसायला अगदी कंटाळवाणा आहे. लेक म्हणाली, विमानतळावर काम करतेस का?

नऊ वर्षं झाली. मूळ चोवीसशे, दोनदा गाद्या मिळून सहाशेच्या, दोन जादा वायरी मिळून पाचशेच्या. वर्षाला चारशेच्याही आत. पूर्वी मी पाचशेच्या वर घालवत होते आणि वर कान गमावत होते.

एक दोष कळायला मात्र उशीर झाला. वायर निघते, पण वाटीकडचं तिचं टोक त्या कंपनीच्याच खास घडणीचं. दुसऱ्या कुठल्या वायरीचं त्यात बसत नाही. मॉडेल बंद झालं आणि वायरी मिळेनाशा झाल्या. २०२१च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत पुण्यातली असली दुकानं बंद असताना, शेवटची वायर पिनेपाशी गेली. हितंच जाती. काकांना फोन केला. ते घरीच होते, कंटाळलेले. "भाच्याकडं सोल्डरगन असंल बघा, इंजिनीरिंगला होता ना?" होती, पंचवीस वॉटची. धातूची पिन काकांनीच कधीतरी जास्तीची देऊन ठेवली होती. व्हिडिओ कॉल लावून फोन बरणीला टेकवला आणि ओट्यावर बसले.

युटामधल्या नॅथनिएल बाल्डविनने १९१०च्या सुमारास अमेरिकी नौदलासाठी हेडफोन आपल्या स्वयंपाकघरात बनवले होते, हे कुठेतरी वाचलेलं तेव्हा आठवलं. त्याला काकांसारखं कुणी ओरडत नसावं. "लाख जाळा, लाख! काळी नाही, चकचकीत दिसली पाहिजे. आता कथील. फुंकर मारू नका." लेक आतून विचारत होती, आई, काय जळतंय? तांब्याची मागच्या पत्र्याला, बाकीच्या दोन आतल्या टोकांना. तिन्ही चिकटल्या. स्प्रिंग चढवली, पिन आवळली, काकांना रामराम केला.

टेबलावर येऊन आजींना लावलं. दोन्ही बाजू सुरू. सात स्वच्छ. पण काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, आणि ते कळायला दोन-तीन वाक्यं जावी लागली. लाल आणि हिरवी मी उलट लावल्या होत्या. दहा वर्षं माझ्या उजव्या हाताला बसलेल्या आजी उठून डावीकडे येऊन बसल्या होत्या, आणि प्रश्न विचारणाऱ्या बाई उजवीकडे गेल्या होत्या.

काका म्हणाले होते, चुकलं तर परत तापवून काढता येतं. पण डावा कान माझा बरा आहे. आजी तिथेच आहेत.